बोटं सरळ करू नका

मंचरच्या एसटी स्टँडवर उतरून तुम्ही ‘फिजिओथेरपी सेंटर’ कुठे म्हणून विचारलं असतं, तर लोकांनी तुम्हाला फोटो स्टुडिओच्या दारात नेऊन सोडलं असतं. ‘करंटवाल्या बाई’ म्हणालात की शेंबडं पोरही बोट दाखवायचं. नव्वदच्या सुमाराला मी तिथे दोन खाटा, शेकाचा लाल दिवा, मेणाचं भांडं आणि करंटचं मशीन एवढ्या भांडवलावर दुकान मांडलं, आणि गुडघे तिथला जिना चढू देईनात तेव्हा, म्हणजे माझेच गुडघे, ते बंद केलं. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की सून एवढी शिकूनसवरून मालिशवाली झाली. मी त्यांना समजावायचा नाद लवकर सोडला, कारण त्यांचेही गुडघे माझ्याच हाताखाली होते.

करंटबद्दल लोकांची मतं ठाम असायची. जास्त झिणझिण्या म्हणजे जास्त गुण. आण्याच्या पठारावरून दोन एसट्या बदलून येणारे एक आजोबा रोज उठताना म्हणायचे, “बाई, आज करंट कमी दिला तुमी. कालचा लई चांगला व्हता.” काल मशीन बिघडलेलं होतं आणि मी नुसते पॅड लावून त्यांना वीस मिनिटं बसवलं होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

या गमती खूप आहेत, पण मला लिहायचं आहे ते मान मोडलेल्या माणसांबद्दल. खरं तर त्यांच्या हातांबद्दल.

आमच्या भागात मान मोडायच्या जागा ठरलेल्या आहेत. पश्चिमेला डोंगरात हिरड्याची झाडं, पूर्वेला कोरडवाहूत चिंचा, आणि मधे कठडा नसलेल्या विहिरी. माणूस पडतो, मणका सरकतो आणि आतला मज्जारज्जू चेंगरतो. तो कुठे चेंगरला यावर पुढचं सगळं आयुष्य ठरतं. मानेच्या खालच्या भागात चेंगरला तर खांदे हलतात, कोपर वाकतं, नशीब बरं असेल तर मनगटही वर उचलता येतं. बोटं मात्र हलत नाहीत. पाय तर नाहीतच.

घरच्यांना मी विजेच्या खांबाचं उदाहरण द्यायची. मुख्य लाइन वरती तुटली आहे, पण खांबापासून घरापर्यंतची वायर शाबूत आहे. दिवाही शाबूत आहे. वरून वीज येत नाही म्हणून तो लागत नाही, एवढंच. मग घराजवळच एक लहानसा जनरेटर लावला तर? करंटचं मशीन म्हणजे तो जनरेटर. पुढच्या हातावर ठरावीक जागी दोन पॅड ठेवायचे, हळूहळू करंट वाढवायचा, की मेलेली वाटणारी बोटं मिटतात. बंद केला की उघडतात. ती जागा प्रत्येकाची थोडी वेगळी असते. पॅड बोटभर सरकला तरी बोटांऐवजी नुसतं मनगटच वाकतं. म्हणून जागा सापडली की मी बॉलपेनने खूण करून ठेवायची. आणि माणसाला तिथे धड स्पर्श कळत नसतो, चामडी भाजली तरी तो ओरडणार नाही, म्हणून करंट आधी माझ्या हाताला लावून पाहायची. पंचवीस वर्षांत मी स्वतःला किती झटके दिले असतील याचा हिशेब नाही.

घरचे एकच विचारायचे, “चालणार कधी?” हाताबद्दल कोणी विचारायचं नाही. हाताबद्दल विचारायचा तो खाटेवरचा माणूस, आणि तोही घरचे बाहेर गेल्यावर.

लोणीचे दशरथभाऊ असेच. चिंच झोडताना फांदीसकट खाली आले. माझ्याकडे आणलं तेव्हा सहा महिने झाले होते. मनगट वर उचलता येत होतं आणि बोटं आत वळून थोडी आखडली होती. त्या आखडलेल्या बोटांत त्यांनी एक उद्योग शोधून काढला होता. टॉवेलचं टोक अडकवायचं आणि तोंड पुसायचं. चहाचा रिकामा कपही ते तसा उचलून दाखवायचे. मला ते काही पटलं नाही. मी नवीन होते, हुशार होते आणि माझ्या वहीत लिहिलेलं होतं की आखडलेला सांधा मोकळा करायचा. मी तीन महिने त्यांच्या घरी जाऊन त्यांची बोटं शेकली, ताणली, तळहात खाटेवर सपाट टेकवला. हात चित्रातल्यासारखा झाला. मी खूश होते.

शेवटच्या दिवशी दशरथभाऊ आपल्या हाताकडे बघत म्हणाले, “बाई, हात लई ग्वाड दिसतोय. पर आता टावेल धराया येईना.”

मी म्हटलं, “येईल हळूहळू.” आणि माझी फी घेऊन निघाले.

काय झालं होतं ते मला वर्षाने कळलं. पुण्याला एका शिबिरात एका ज्येष्ठ बाईंनी आम्हा सगळ्यांना हात पुढे करायला सांगितलं. तुम्हीही आत्ता करून बघा. हात समोर धरून सैल सोडा आणि मनगट खाली पाडा. बोटं उघडतात. आता मनगट वर उचला. बोटं आपोआप मिटू लागतात, अंगठा तर्जनीला येऊन टेकतो. यात तुमची काही करामत नाही. बोटांच्या दोऱ्या मनगटावरून गेलेल्या आहेत, मनगट वर गेलं की त्या ताणल्या जातात. ज्याचं फक्त मनगट चालतं त्याला देवाने दिलेली एवढीच मूठ आहे, आणि दोऱ्या थोड्या आखूड असतील तरच ती मिटते. म्हणून, बाई म्हणाल्या, मनगट वर असताना अशा माणसाची बोटं कधीही सरळ करू नका. ती आखडू द्या. एकदा दोऱ्या सैल पडल्या की मूठ गेली.

त्या दिवशी मी जेवले नाही. लोणीला जाऊन यावं असं तेव्हाही वाटलं आणि पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं. कामं होती हे खरं. पण गेले नाही ते कामामुळे नाही. मला लाज वाटत होती.

पुढे काही वर्षांनी जुन्नरहून निरोप आला. पारसशेठ हे तिथले हिरड्याचे व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, आणि पारसशेठांना मारवाडीपेक्षा जुन्नरी बोलीच जास्त सफाईने यायची. घाटघरकडची माणसं डोंगरातून बाळहिरडा गोळा करून आणायची, त्याच्या पोत्यांच्या थप्प्या यांच्या गोदामात छताला लागलेल्या. अशाच एका थप्पीवरून शेठ मानेवर पडले.

पहिल्या भेटीत तेच म्हणाले, “बाई, झाडावरनं पडणाऱ्यांचा हिरडा आयुष्यभर घेतला. मी तर पोत्यावरनं पडलो. झाडावर चढायची पण गरज पडली नाय.”

घरात बायको सुशीला आणि आई. आईला सगळं घर जीजी म्हणायचं. पंचाहत्तरीच्या, काटकुळ्या, पांढऱ्या साडीतल्या. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं, की मनगट खाली असेल तेव्हा बोटं उघडा, मनगट वर असेल तेव्हा मिटवा, आणि दोन्ही एकदम सरळ मात्र कधीही करू नका. सुशीलाने मान हलवली. जीजींनीही हलवली.

शेठ म्हणाले, “चालायचं सोडा. डॉक्टरांनी खरं ते सांगितलंय. मला हात द्या.”

मी बुधवारी आणि शनिवारी एसटीने जुन्नरला जायला लागले. करंटवर बोटांचे स्नायू चांगले कामाला लागले, पण मशीन होतं पेटाऱ्याएवढं आणि ते माझ्याबरोबर मंचरला परत यायचं. माणसाला रोज जेवायचं असतं, फक्त बुधवारी आणि शनिवारी नाही. म्हणून मी नारायणगावच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला गाठलं. त्याला काय हवं ते कागदावर काढून दिलं. त्याने प्लॅस्टिकच्या कंपासपेटीत ट्रान्झिस्टरच्या चौकोनी सेलवर चालणारं यंत्र बसवून दिलं. पॅड एका पट्ट्यात शिवले. बटण डाव्या खांद्यामागे. शेठनी खुर्चीत मागे रेलून खांदा दाबला की मूठ मिटायची, पुन्हा दाबला की सुटायची. पेटी मी आधी आठवडाभर माझ्याच हाताला लावून हिंडले. घरच्यांना वाटलं मला लकवा झाला.

पहिल्यांदा शेठ स्टीलचा पेला धरून पाणी प्यायले तेव्हा सुशीला पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. शेठ पेल्याकडे बघत बसले. मी पॅड पुसायला घेतले. आमच्या धंद्यात अशा वेळी पॅड पुसायचे असतात.

पेटीमुळे माझा जुन्नरभर बोलबाला झाला. लोक पेटी बघायला यायचे. शेठ खांदा दाबून मूठ मिटून दाखवायचे आणि मी जवळच उभी असेन तर माझ्याकडे बोट करायचे, म्हणजे कोपर करायचे. मला आवडायचं ते. खोटं कशाला बोलू?

जीजींनी शेठ पडल्यानंतर वर्षीतप धरलं होतं. तेरा महिन्यांचं जैन व्रत. एक दिवस उपास, त्यात दिवसा फक्त उकळलेलं पाणी, आणि दुसऱ्या दिवशी जेवण, तेही सूर्य असेपर्यंत. होळीनंतर सुरू होतं आणि पुढच्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने सुटतं. घरातल्या कोणी तरी आपल्या हाताने रस पाजून पारणं करवायचं असतं. जीजींनी हे कोणासाठी धरलंय ते कोणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

संक्रांतीच्या सुमाराला एका शनिवारी शेठनी विषय काढला. “बाई, जीजीचं पारणं माझ्या हातनं व्हायला पाहिजे.”

मी म्हटलं, “होईल की. पेटी आहे. नवा सेल घालू.”

“पेटी नाय चालणार.”

“का?”

“त्याच्या आधी महाराजांना, म्हणजे आमच्या साध्वीजींना, वहोरावायचं असतं, भिक्षा घालायची असते. पारण्याच्या घरी साध्वीजी गोचरीला आल्या तर पहिला रस त्यांच्या पात्रात. तो पण मलाच घालायचाय. आणि सेल चालू असलेल्या हातानं त्या घेत नाहीत. विजेत जीव असतो ना.”

मी हसले. चुकलंच माझं. म्हटलं, “अहो, तुमच्या टॉर्चपेक्षा कमी करंट आहे यात.”

“टॉर्च पण नाय चालत. मनगटावर सेलचं घड्याळ असलं तरी तो माणूस असूझता, म्हणजे त्याच्या हातचं घ्यायचं नाय. त्या आल्यावर आमच्यात कोणी पंख्याचं बटणसुद्धा दाबत नाय, बाई. चालू असला तर चालू, बंद असला तर बंद.”

मला राग आला. वर्षभर झटके खाऊन केलेली पेटी, आणि ती ज्या दिवशी सगळ्यात जास्त हवी त्याच दिवशी कपाटात ठेवायची! मी म्हटलं, “मग सुशीलाताई पाजतील. नाही तर तुमचा हात धरून कोणी तरी—”

“धरून नाय. माझ्या हातानं. तेरा महिने ती पोट बांधणार, बाई. मी एक वाटी धरू शकत नाय का?”

मला ते जेवताना चमच्याला ओठ लावताना आठवले. पहिले काही महिने सुशीला भरवायची आणि ते भिंतीकडे बघत चावायचे. मी म्हटलं, “बघू. पेटी काढा.”

पेटी काढली. म्हटलं, मनगट वर उचला. शेठनी उचललं, चांगलं दमदार उचललं. बोटं मिटली नाहीत. नुसती लोंबत राहिली. वर्षभर पेटीच्या नादात मी ही साधी गोष्ट तपासलीच नव्हती. मी त्यांचा हात हातात घेतला तर बोटं मागे जवळजवळ मनगटापर्यंत वळली. असा हात मी आधी एकदाच पाहिला होता. लोणीला.

त्यांना मी काही बोलले नाही. घरी जाताना एसटीत मला एकेक आठवायला लागलं. माझ्या बॉलपेनच्या खुणा दर वेळी पुसलेल्या असायच्या. मी सुशीलाला आंघोळीवरून रागवायची, ती गप्प राहायची. पॅड सारखे निसटायचे. हाताला तेलाचा वास यायचा, तो मी स्वयंपाकघराचा समजत होते.

पुढच्या बुधवारी मी पहिल्या गाडीने गेले. घरात दिवा नव्हता, खिडकीतून उजाडत होतं. शेठच्या खाटेशेजारी जीजी पाटावर बसल्या होत्या. बाजूला कोमट तिळाच्या तेलाची वाटी. त्यांनी शेठचं मनगट आपल्या गुडघ्यावर उचलून धरलं होतं आणि एकेक बोट मागे सरळ करत होत्या. एका बोटाला एक नवकार मंत्र, मग दुसरं बोट. जीजींनी मला पाहिलं नाही. शेठनी पाहिलं आणि मान हलवली. बोलू नका.

जीजी देवाचं करायला गेल्यावर शेठ हळू आवाजात म्हणाले, “तिला सांगू नका. पहिल्या दिवसापासून करतेय. मला तर हात लावलेला कळत पण नाय. पण तिला कळतो ना माझा हात.”

“तुम्हाला माहीत होतं हे करायचं नाही?”

“व्हतं ना. तुमी सांगितलेलं. पण पेटीनं मूठ मिटत व्हती, म्हटलं कशाला मोडायचं तिचं.”

“मग आता पारण्याचा नाद सोडा.”

“तो पण नाय सोडणार.”

माणसाला दोन्ही हवं होतं, आणि हाताच्या दोऱ्या एकाच गोष्टीला पुरणार होत्या. पारण्याला साडेतीन महिने राहिले होते. त्याच दिवशी मालिश थांबली तर कदाचित जमलं असतं, महिन्याने थांबली तर नाही. मी ओसरीवर जाऊन बसले. सांगायचं तर त्या बाईच्या तोंडावर सांगायचं की तुमच्या लेकाची मूठ तुम्हीच घालवलीत. न सांगायचं तर लोणी पुन्हा एकदा.

शेवटी मी आत गेले आणि जीजींना लोणीची गोष्ट सांगितली. ती मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. चिंचेवरून पडलेला माणूस, टॉवेलचं टोक, माझे तीन महिने, सपाट झालेला तळहात. म्हटलं, “मी शिकलेली असून माझ्या हातून हे झालं, जीजी. मायेनेही नाही, नुसत्या हुशारीने.”

जीजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेलाच्या वाटीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, “त्या माणसाला सांगितलं का तुमी? तुमच्या हातनं झालं म्हणून?”

“नाही.”

“मला सांगितलं, आणि त्याला नाय?”

त्यांनी पदराला हात पुसले. उजवा, मग डावा. वाटी उचलून कोनाड्यात ठेवली.

“आता काय करायचं ते दाखवा.”

मी दाखवलं. जुन्या सुती साडीच्या मऊ पट्ट्या काढल्या. कापडाची गुंडाळी तळहातात ठेवायची, बोटं तिच्यावर मिटवायची, अंगठा तर्जनीच्या बाजूला टेकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. संध्याकाळी बांधायची, सकाळी सोडायची, चामडी लाल झाली नाही ना बघायचं. दोऱ्या पुन्हा आखडू द्यायच्या. हे काम जीजींनीच करायचं असं मी सांगितलं. सुशीलाने जास्त नीट केलं असतं. पण ज्या हातांची रोजची सवय मोडायची त्यांना दुसरं काही तरी द्यायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून जीजी एका वेढ्याला एक नवकार म्हणून पट्टी बांधू लागल्या.

पहिला महिना काहीच झालं नाही. मी बुधवारी, शनिवारी जायची, शेठ मनगट उचलायचे, बोटं लोंबायची आणि सगळं घर माझ्याकडे बघायचं. शिमग्याच्या आसपास एकदा अंगठ्याचं टोक तर्जनीला येऊन लागलं. कागद धरला. आठवड्याने पोस्टकार्ड धरलं. मग लहान फुलपात्र रिकामं, मग तळाशी पाणी घालून.

धरणं एक आणि ओतणं वेगळं. ओतताना हात पालथा होतो, पालथा झाला की मनगट खाली पडतं, आणि मनगट पडलं की मूठ उघडते. फुलपात्र तीन-चार डझन वेळा तरी फरशीवर वाजलं असेल. आणि महाराजांच्या बाबतीत अजून एक अट होती. देताना थेंब जरी खाली सांडला तरी त्या घेत नाहीत, परत फिरतात. मी शेठना म्हटलं, “तुमच्या धर्मात अपंगांना काही सूट?” ते म्हणाले, “सूट घ्यायची तर मग पेटीच लावली असती ना, राव.” शेवटी आम्ही मनगट तसंच ठेवून खांद्यातून कोपर उचलायला शिकलो. हात एखाद्या रहाटासारखा सगळाच कलायचा. मागच्या अंगणात पाण्यावर सराव चालायचा. जीजी उपासाच्या दिवशी जोत्यावर बसून बघायच्या.

अक्षय्य तृतीयेला मी सकाळीच पोचले. घर पाहुण्यांनी भरलेलं. पेटी कपाटात. मी माझं मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं आणि पर्स परसात नेऊन ठेवली. साध्वीजींना बोलावता येत नाही. येतील तर आपल्या आपण. न आल्या तर न आल्या. पंखा चालू होता, तो तसाच चालू ठेवून सगळे गप्प बसले होते.

त्या आल्या. दोघी. पुढच्या वयस्कर होत्या. शेठ खुर्चीत बसले आहेत हे पाहून त्या पुढे झाल्या आणि त्यांनी पात्र त्यांच्या गुडघ्यापाशी खाली धरलं.

सुशीलाने फुलपात्र बाजूच्या चौरंगावर ठेवलं. एक तृतीयांश रस. शेठनी मनगट पाडलं, बोटं उघडली. हात फुलपात्राभोवती नेला. मनगट उचललं, बोटं मिटली. फुलपात्र चौरंगावरून सुटलं. मी त्यांच्या मनगटाकडेच बघत होते, दुसरं काही मला दिसत नव्हतं. कोपर वर गेलं. रस पात्रात पडला, शेवटपर्यंत पडला, आणि फुलपात्राच्या काठाला एक थेंब येऊन थांबला. शेठनी हात हलवला नाही. तो थेंब किती वेळ तिथे होता सांगता येणार नाही. मग तोही पात्रात पडला. साध्वीजी धर्मलाभ म्हणून निघून गेल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग जीजी समोर येऊन बसल्या. दुसरं फुलपात्र धरेपर्यंत शेठचा खांदा थकला होता. हात मधेच हेलकावला आणि निम्मा रस जीजींच्या हनुवटीवरून पांढऱ्या साडीवर सांडला. उरलेला त्या प्यायल्या. तिथे थेंबाचा नियम नव्हता. घरातली माणसं मोठ्याने रडत होती आणि पॅड पुसायला नव्हते म्हणून मीही रडले.

जेवणं झाल्यावर निघताना जीजींनी मला थांबवलं. साडी अजून बदललेली नव्हती. एवढंच म्हणाल्या, “लोणीला कधी जाताय?”

मागून शेठ म्हणाले, “आणि जाताना पेटी न्या. माझं भागतंय आता.”

पुढच्या आठवड्यात मी लोणीला गेले. मधे किती वर्षं गेली होती ते मोजलं नाही. दशरथभाऊ कांद्याच्या चाळीच्या सावलीत खाटेवर होते. केस पिकले होते. टॉवेल गळ्यात होता आणि तोंड पुसायला त्यांची बायको उठून आली. हात तसाच होता. देखणा, सपाट.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुमची मूठ माझ्यामुळे गेली. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं. आणि हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.

ते कांद्यांकडे बघत म्हणाले, “म्या म्हनलं व्हतं तवाच.”

“हो.”

“तुमी म्हनला, यील हळूहळू.”

“हो.”

“बसा. च्या घ्या.”

त्यांच्या दोऱ्या आता पट्टी बांधून आखडण्यातल्या नव्हत्या, फार काळ गेला होता. पण खांबापासून घरापर्यंतची वायर शाबूत होती. ज्याची देवाने दिलेली मूठ मी घालवली, त्याला आता करंटच उपयोगी होता. मी दर रविवारी लोणीला जाऊ लागले. वाळलेले स्नायू रोज थोडा थोडा करंट देऊन उठवायला दोन महिने गेले. शेठची पेटी तिथेच ठेवली आणि बायकोने पॅड लावायला शिकून घेतलं. खुणा पुसू नका असं मला एकदाही सांगावं लागलं नाही.

पेटीचं बटण त्यांच्या खांद्यामागे बसवलं त्या रविवारी बोटं पहिल्यांदा पुरती मिटली. मी टॉवेल पुढे केला. त्यांनी मान हलवली. “टावेल ऱ्हाऊ द्या. तुमचं बोट द्या.”

मी तर्जनी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी खांदा दाबला. बोटं एकेक करून माझ्या बोटाभोवती मिटली आणि आवळली. मी पुष्कळ हात तपासले आहेत. ती पकड चांगली होती.

दशरथभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, “आता करा बरं सरळ, बाई.”

मी हात ओढून पाहिला नाही. सुटायचं बटण त्यांच्याच खांद्याशी होतं, आणि त्यांनी ते दाबायला बराच वेळ घेतला.